ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला गाडी न्यायची आहे, खर्च कुठे वाचेल?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगहून मेलबर्नला कायमचे चाललोय. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, आलाय. नवरा जूनमध्ये पुढे जाईल, मी आणि मुलं शाळेचं मार्गी लावून मागून. फर्निचर वगैरे इथेच वाटून टाकणार, पण गाडी सोडवत नाही. निसान कश्काई, २०२२ची, गेल्या दसऱ्याला एकाच मालकाकडून घेतली. चांगली जपलेली आहे, कर्ज नाही, आणि तिथे गेल्या गेल्या गाडी शोधत फिरायची माझी तयारी नाही.

दोन ठिकाणी कोटेशन मागवलं. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा आहे. स्वस्तवाल्याला हो म्हणायचा मोह होतोय. रोरो जहाजाने पाठवावी की कंटेनरने? विमा घ्यावाच लागतो का? आणि खर्च नक्की कुठे कमी होतो? "विकून टाक" हे उत्तरही चालेल, पण हिशेबासकट द्या.

कोकणकडा
विकून टाक.

शेंगदाणा_चटणी
कोकणकडा, हिशेब कुठाय? पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत :)

कोकणकडा
घ्या पायऱ्या. इथे गाडी विकून हातात किती येतात तो एक आकडा. मेलबर्नला त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली कश्काई कितीला मिळते तो दुसरा. या दोन्हीतला फरक म्हणजे तुमचं बजेट. भाडं, विमा, तिथले कर, बंदरावरचे खर्च, नोंदणी हे सगळं त्या फरकात बसलं तर न्या, नाही बसलं तर विका. बहुतेकांचं बसत नाही, म्हणून मी पहिल्या ओळीतच उत्तर दिलं होतं.

टेम्सकाठ
कोकणकडा यांचं गणित बरोबर आहे. पण दुसरी बाजू लोक कच्ची मांडतात, म्हणून सविस्तर लिहितो. मालवाहतुकीच्या धंद्यात बरीच वर्षं आहे.

रानजाई, निम्म्या भावाचं कोटेशन नव्वद टक्के वेळा "पोर्ट टू पोर्ट" असतं. म्हणजे गाडी साउदॅम्प्टनला जहाजावर चढवणार आणि मेलबर्नला धक्क्यावर उतरवणार, संपलं. तिथलं टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डरची (गाडी ताब्यात मिळण्याच्या कागदाची) फी, कस्टम्सचं काम करून देणारा ब्रोकर, बायोसिक्युरिटीची (माती, बी, किडे आत येऊ नयेत म्हणूनची) तपासणी, पार्किंगचं भाडं हे सगळं तिकडे गेल्यावर, तिकडच्या एजंटच्या दराने. तोवर गाडी त्यांच्या ताब्यात असते, घासाघीस कशी करणार? म्हणून दोघांनाही एकच मेल पाठवा: "उतरण्याच्या बंदरावर मला जे जे भरावं लागेल ते सगळं ओळीओळीने लिहून द्या, किती दिवस फुकट आणि त्यानंतर रोजचं भाडं किती तेही लिहा." जो उत्तर देणार नाही तो बाद. दोन्ही आकडे मग शेजारी ठेवून बघा, फरक किती उरतो.

रोरो की कंटेनर? एकटी गाडी असेल तर साधारणपणे रोरो स्वस्त. ती चालवत जहाजात नेतात आणि चालवत बाहेर काढतात, त्यामुळे गाडी चालू स्थितीत हवी, टाकीत पाव भागाच्या आतच इंधन हवं आणि आत सामान नको. रेडिंगहून साउदॅम्प्टन तासाभराच्या अंतरावर, स्वतः नेऊन सोडलीत तर ट्रकचे पैसे वाचतात.

आणखी एक. रोरोचं भाडं बऱ्याचदा घनमीटरवर असतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, बाहेर आलेलं सगळं धरून. समजा गाडी ४.३ मीटर लांब, १.८ रुंद, १.५ उंच, म्हणजे ११.६ घनमीटर. टपावर सामानाची पेटी ठेवून उंची १.९ झाली की १४.७. पाव पट भाडं नुसत्या हवेचं! टपावरची पेटी, मागचं सायकलचं स्टँड, सगळं काढून मगच मोजमाप द्या.

अनुस्वार
टेम्सकाठ, कंटेनरला अगदीच बाजूला सारू नका. आम्ही ४० फुटी कंटेनर घेतला, पुढे घरचं सामान, मागे गाडी. सामान तसंही न्यायचंच होतं, त्यामुळे गाडीचं भाडं म्हणून वेगळं फार पडलं नाही. चौघं मिळून एका ४० फुटीत रॅकवर गाड्या नेणारेही आहेत.

टेम्सकाठ
@अनुस्वार, सामान असेल तर तुमचं बरोबर. पण त्यांनी फर्निचर वाटून टाकलंय. आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत मला ही जोडी आवडत नाही. वर्षभर वापरलेलं घरगुती सामान तिथे करमुक्त जातं, गाडी जात नाही. गाडीच्या कागदात किंवा सफाईत काही अडलं तर त्याच कंटेनरमधले तुमचे अंथरूण-पांघरूण आणि मुलांची खेळणीही अडकून बसतात.

अनुस्वार
हे मान्य. आमचं ऑस्ट्रेलिया नव्हतं, जर्मनी होतं.

ब्रेमेनची_वाट
जर्मनीचा विषय निघालाच आहे तर सांगते. अमेरिकेतून आम्ही बाल्टिमोर ते ब्रेमरहाफेन रोरोने आणली. युरोपियन युनियनमध्ये घर बदलून येणाऱ्यांना गाडीवर कस्टम्स माफ आहे: १२ महिने युनियनबाहेर राहिलेलं हवं, गाडी ६ महिने तुमच्याच वापरात हवी आणि आल्यावर १२ महिने विकायची नाही. नाहीतर १० टक्के ड्यूटी आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट. कागद आधी जमवल्यामुळे जे वाचलं, त्यापुढे दोन जहाज कंपन्यांच्या भाड्यातला फरक म्हणजे चिल्लर. अमेरिकेतून निघताना मात्र गाडीचं मूळ टायटल (मालकीचा कागद) जहाज सुटायच्या ७२ तास आधी कस्टम्सला दाखवावं लागतं. टायटल बँकेकडे असेल तर ते आधी सोडवा.

ब्रिटनमध्ये येणाऱ्यांनाही साधारण हेच ६ आणि १२ महिन्यांचं गणित आहे. पण सवलतीचा अर्ज गाडी यायच्या आधी करावा.

यारातीर
रानजाई, मी मेलबर्नला असते. भाड्याचं जरा बाजूला ठेव, आधी दोन प्रश्नांची उत्तरं दे. पीआर खरंच हातात आहे ना, की कंपनीचा तात्पुरता व्हिसा? आणि गाडी तुझ्या नावावर होऊन किती महिने झाले?

ऑस्ट्रेलियात वैयक्तिक आयातीसाठी सरकारची परवानगी लागते. ती रोव्हर नावाच्या सरकारी पोर्टलवर मागायची. तू नागरिक किंवा पीआर असायला हवीस, किंवा पीआरचा अर्ज केलेला हवा, आणि गाडी परदेशात सलग १२ महिने तुझ्या मालकीची आणि वापरात हवी. पाच वर्षांत अशी एकच गाडी आणता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: परवानगी हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवायची नाही. परवानगी नसलेली गाडी धक्क्यावर आली की रोज भाडं चढतं, आणि शेवटी ती परत पाठवायची किंवा मोडीत काढायची पाळी येते. तिथे कितीही स्वस्त कोटेशन असलं तरी उपयोग नाही.

रानजाई
यारातीर ताई, पीआर दोघांचाही आलाय. पण गाडी गेल्या दसऱ्याला घेतली म्हणजे ऑक्टोबरशिवाय वर्ष होत नाही! स्वस्तवाल्या एजंटने हे विचारलंसुद्धा नाही, "जूनचं जहाज आहे, लगेच बुक करा" म्हणत होता. कागदावर गाडी माझ्याच नावावर आहे.

यारातीर
मग उत्तम. नवरा पुढे जाऊ दे, तू मागे आहेसच, गाडी चालवत रहा. वर्ष पूर्ण होईल. सर्व्हिसची बिलं, विमा, एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी), सगळं तुझ्या नावाने आणि तारखांसकट जपून ठेव. मालकी नुसती म्हणून चालत नाही, ती कागदावर दिसावी लागते.

शेंगदाणा_चटणी
एजंटला जूनचं जहाज दिसत होतं, ताईंना दसरा दिसला. यालाच अनुभव म्हणतात.

वाळवंटी_कोल्हापूरकर
थोडं अवांतर, पण गाडीचंच आहे. दुबईत आहे, दोन वर्षांत कोल्हापूरला परतायचंय. माझी लँडक्रूझर नेता येईल का? आमच्या ओळखीत एकाने केरळात नेली होती, दुबईच्याच नंबरप्लेटवर फिरत होता.

उरणकर
वाळवंटी_कोल्हापूरकर, मी न्हावा शेव्याला क्लिअरिंगचं काम करतो, रोजचा विषय आहे. सरळ सांगतो: कायमची नेता येणार नाही. दुबईची गाडी डाव्या स्टिअरिंगची, आणि भारतात आयात होणारी जुनी गाडी उजव्या स्टिअरिंगचीच लागते. शिवाय उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत, आणि जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येते. नव्या गाड्यांना बंदरं बरीच आहेत, जुन्यांना एकच.

तुमच्या ओळखीच्यांनी कार्नेवर नेली असणार. कार्ने द पासाज म्हणजे तात्पुरत्या आयातीचा परवाना. ठरलेल्या मुदतीत गाडी देशाबाहेर न्यायचीच, नाहीतर हमीची रक्कम जाते. आपल्याकडून बाहेर गाडी काढणाऱ्यांना तो मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मुंबई ते लंडन गाडीने जाणारे लोक हाच कागद घेऊन निघतात. परतून कायम राहणाऱ्याच्या कामाचा तो नाही.

आता पैशाचं. घर बदलून येणाऱ्याला बॅगेजमध्ये जी सवलत मिळते ती गाडीला नाही. फ्रीज, टीव्हीला आहे, गाडीला नाही. हा गैरसमज घेऊन माझ्याकडे महिन्याला कोणी ना कोणी येतं. २०२५च्या बजेटपासून जुन्या गाडीवर मूळ ड्यूटी ७० टक्के आणि कृषी पायाभूत सेस ६७.५ टक्के, मिळून १३७.५. त्यावर जीएसटी, मोठ्या गाडीला ४० टक्के. म्हणजे कस्टम्सने गाडीची किंमत १० लाख धरली तर १३ लाख ७५ हजार ड्यूटी, मग २३ लाख ७५ हजारांवर ४० टक्के म्हणजे साडेनऊ लाख. एकूण सव्वातेवीस लाख नुसता कर. आणि ते १० लाख म्हणजे तुम्ही मित्राकडून घेतलीत ती किंमत नव्हे. नवी असतानाची कंपनीची किंमत धरून तिमाहीप्रमाणे घसारा वजा करतात.

वाळवंटी_कोल्हापूरकर
सव्वातेवीस लाख! दादा, प्रश्न मागे घेतला. गाडी इथेच विकतो आणि कोल्हापूरला नवी घेऊन पहिल्यांदा ज्योतिबाला जातो.

उरणकर
तेच करा. पेढे उरणला पाठवायचं विसरू नका.

घाटवाट
विम्याचं कोणीच बोललं नाही. रानजाईंचा तो मुख्य प्रश्न होता.

विमा टाळून पैसे वाचवायचे नाहीत, एवढं माझं ठाम मत आहे. जहाज कंपनीची स्वतःची जबाबदारी फार मर्यादित असते. फेलिसिटी एस हे गाड्या नेणारं जहाज २०२२च्या फेब्रुवारीत अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि मार्चमध्ये सुमारे ४,००० गाड्यांसकट बुडालं. २०२३च्या जुलैत नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ फ्रीमँटल हायवे पेटलं. असं रोज घडत नाही, पण घडतं.

त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवण्यासाठी खर्च झाला किंवा काही माल मुद्दाम फेकावा लागला, तर तो भार ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांवर वाटला जातो. २०२१ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन अडकलं तेव्हा हेच जाहीर झालं होतं. तुमची गाडी धडधाकट असली तरी तुमचा वाटा किंवा हमी दिल्याशिवाय ती सोडत नाहीत. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख अनामत तुम्ही भरायची.

वाचवायचंच असेल तर प्रकारात वाचवा. "टोटल लॉस" फक्त जहाज बुडालं, गाडी पूर्ण गेली तरच पैसे देतो, तो स्वस्त. "ऑल रिस्क" ओरखडे-पोचे धरतो, तो महाग. जुन्या गाडीला पहिला पुरतो. दोन्हीत जनरल ॲव्हरेज धरलंय का ते मात्र लेखी विचारा. आणि गाडी सोपवताना चारही बाजूंनी, टपाचे, आतले फोटो तारखेसह काढा.

कोकणकडा
हा प्रतिसाद जपून ठेवला.

टेम्सकाठ
सहमत. वेळेचंही धरा. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. तुमचं जहाज कुठल्या मार्गाने जाणार ते बुकिंगआधी विचारा. तिथे पोचून गाडीची वाट बघत भाड्याच्या गाडीवर पैसे जाणार असतील तर तेही कोकणकडांच्या गणितात धरायचे.

यारातीर
आता सफाई. हसू नका, पण मेलबर्नला गाडी अडते ती बऱ्याचदा यामुळे. इथली बायोसिक्युरिटी फार कडक आहे. चाकांच्या कमानीत माती, रेडिएटरला चिकटलेला किडा, बॉनेटखाली अडकलेलं पान, गालिच्याखाली बी, काहीही सापडलं तर परत धुवायला पाठवतात आणि त्यांच्या दराने बिल लावतात. निघण्याआधी गाडी जॅकवर घेऊन खालून वाफेने धुऊन घ्या, तिथली धुलाई इथल्यापेक्षा स्वस्त पडते.

आणि रानजाई, दसऱ्याला गाडी घेतलीस म्हणजे पूजा केली असशील ना?

रानजाई
ताई, केली ना! झेंडूचा हार, लिंबू-मिरची, डॅशबोर्डवर हळदकुंकू अक्षता, सगळं साग्रसंगीत. चाकाखाली लिंबंसुद्धा!

यारातीर
मग सीटच्या फटींतून तांदळाचा दाणा न् दाणा काढ. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि त्यांचं बी एसीच्या जाळीत बसतं, ते व्हॅक्यूमने ओढून घे. डिकीत कधी सांडलेले मेथीदाणे, तीळ, मुलांच्या कारसीटखालचे शेंगदाणे, सगळं. अक्षता म्हणजे इथल्या इन्स्पेक्टरच्या दृष्टीने धान्यच.

शेंगदाणा_चटणी
माझं नाव ऑस्ट्रेलियाच्या यादीत आलंय, बघून ऊर भरून आला.

ब्रेमेनची_वाट
यारातीर, ते ढेकणासारख्या किड्याचं काय? अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मैत्रिणीच्या गाडीला त्यासाठी तापवून काढावं लागलं होतं.

यारातीर
बरोबर, ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल हा त्याचा मोसम धरतात. या काळात लक्ष्य देशांतून निघालेल्या गाड्यांना उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची, खर्च मालकाचा. अमेरिका आणि युरोपातले बरेच देश त्यात आहेत. ब्रिटन गेल्या काही मोसमांत त्या यादीत नव्हतं, तिथल्या मालाची नमुन्यादाखल तपासणी व्हायची. पण यादी दरवर्षी बदलते, तेव्हा रानजाई, ऑक्टोबरनंतर पाठवणार असशील तर या मोसमाची यादी सरकारी संकेतस्थळावर बघच. आणि रोरो जहाज वाटेत युरोपातल्या कुठल्या बंदरांना लागतं तेही विचार, कारण तपासणी जहाजाचीही होते.

अनुस्वार
म्हणजे आधी गेली तर वर्ष भरत नाही, वर्ष भरलं तर किड्यांचा मोसम. मग मे महिन्यापर्यंत थांबायचं का?

यारातीर
तसं थांबायची गरज वाटत नाही. परवानगीच नसेल तर गाडी परत जाते, किड्यांची प्रक्रिया हा फक्त एक खर्च आहे.

उरणकर
मी भारतातला माणूस, पण एक विचारतो. कश्काई कुठे बनली आहे? चासी नंबर 'एस'ने सुरू होतो का बघा.

रानजाई
उरणकर दादा, आत्ता व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघितलं. एस, जे, एन. का हो?

उरणकर
म्हणजे संडरलँडच्या कारखान्यातली, ब्रिटनमध्ये बनलेली. ब्रिटन-ऑस्ट्रेलिया मुक्त व्यापार करार ३१ मे २०२३पासून लागू आहे. ब्रिटिश मूळ सिद्ध झालं तर ऑस्ट्रेलियाची ५ टक्के ड्यूटी माफ होते. पण नुसता चासी नंबर पुरत नाही, उत्पादनाच्या मूळाची घोषणा लागते आणि ती कराराच्या नियमात बसावी लागते. तिथल्या ब्रोकरला आत्ताच विचारून ठेवा आणि निसानकडे लेखी मागा. गाडी धक्क्यावर आल्यावर हे कागद जमवायला गेलात तर रोजचं भाडं सुरू असेल.

यारातीर
उरणकर, हे मलाही नवीन. आकड्यात मांडते. समजा कस्टम्सने २०,००० डॉलर किंमत धरली, भाडं-विमा ३,०००. ड्यूटी १,०००, मग २४,०००वर १० टक्के जीएसटी, म्हणजे २,४००. एकूण ३,४००. ड्यूटी माफ झाली तर जीएसटी २३,०००वर, २,३००. थेट ११०० डॉलर वाचले. आलिशान गाड्यांचा कर कश्काईला लागू व्हायचा नाही.

नोंदणीचं राहिलं. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या विक्टोरियात रोडवर्दी सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला) लागतं, शिवाय आयात गाडीची व्हॅस या सरकारी योजनेतल्या इंजिनियरकडून पाहणी. मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायला अँकर आहेत का, हे ते बघतात. कश्काई इथेही विकली जाते आणि तीही संडरलँडहूनच येते, त्यामुळे सुटे भाग आणि सर्व्हिस यांची चिंता नको.

कोकणकडा
बरं, मी "विकून टाक" एक पायरी मागे घेतो. पण ऑस्ट्रेलियात पुन्हा विकायला काढाल तेव्हा वैयक्तिक आयात म्हणून गिऱ्हाईक भाव पाडून मागणार, हे धरून चाला. पाच-सात वर्षं वापरणार असाल तरच न्या.

रानजाई
कोकणकडा, मुलं कॉलेजात जाईपर्यंत हीच वापरणार.

दोन्ही एजंटना टेम्सकाठ यांनी सांगितली तशी मेल पाठवली होती. महागवाल्याने त्याच दिवशी ओळीओळीने उत्तर दिलं, मेलबर्नचं सगळं धरून. स्वस्तवाल्याने तिथले खर्च मिळवून पाठवलं तेव्हा तो फक्त थोडासा स्वस्त उरला, आणि फुकटचे दिवस किती याचं उत्तर अजून नाही. महागवाल्याशी बोलून आधीच्या जहाजाचं बुकिंग न करता ऑक्टोबरनंतरच्या भावाची बोलणी सुरू केली आहेत. विमा टोटल लॉस आणि जनरल ॲव्हरेजसकट घेणार. निसानला मूळाच्या कागदासाठी लिहिलंय. नवऱ्याने टपावरची पेटी काढून विकायला टाकली.

टेम्सकाठ
छान. निघताना व्ही५सीमधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला) कळवा, रोड टॅक्सच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात. मूळ कागदाची स्वच्छ प्रत मात्र आधी काढून ठेवा, रोव्हरच्या अर्जाला लागेल. आणि विमा कंपनीकडून नो क्लेमचं (इतकी वर्षं दावा केला नसल्याचं) पत्र घ्या, तिकडच्या काही कंपन्या ते धरून हप्ता कमी करतात.

रानजाई
पत्राचं डोक्यातच नव्हतं, उद्याच मागते. टेम्सकाठ, ते पत्र माझ्या नावाने चालेल की नवऱ्याच्याही लागेल? पॉलिसीवर दोघंही ड्रायव्हर आहोत.

टेम्सकाठ
नो क्लेम सहसा मुख्य पॉलिसीधारकाच्या नावावर जमा होतो. नवऱ्यासाठी "नेम्ड ड्रायव्हर म्हणून अमुक वर्षं, दावा नाही" असं वेगळं पत्र मागा. दोन्ही पत्रं कंपनीच्या लेटरहेडवर, तारखांसकट घ्या.